चित्रातली वरची पट्टी

चित्राचा आवाज कसा असतो, हा प्रश्न इतरत्र कोणाला खुळचट वाटला तरी सोलापूरकराला वाटू नये. जकार्ड बसवलेल्या मागापाशी ज्याने पाच मिनिटे घालवली आहेत, त्याने चित्र वाचणारे यंत्र पाहिलेले असते. पुठ्ठ्याच्या पंचकार्डांची माळ एकेक कार्ड पुढे सरकते. ज्या जागी भोक आहे तिथला हूक उभे धागे वर उचलतो, कोऱ्या जागचे धागे खाली राहतात, मधून धोटा जातो आणि चादरीवरच्या मोराची एक ओळ पुरी होते. मग पुढचे कार्ड, पुढची ओळ. चित्राचे असे ओळीओळीने तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांचे दुसऱ्याच कशात तरी रूपांतर करायचे, ही युक्ती फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास यंत्रात बसवली. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर त्या युक्तीवरच जगप्रसिद्ध झाली. संगणकाचा इतिहास सांगणारे हा माग आवर्जून दाखवतात, तेही याच कारणासाठी. चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना अ‍ॅडा लव्हलेस यांनी त्याची तुलना जकार्डच्या मागाशी केली होती. स्वरांमधले संबंध आकड्यांत मांडता आले तर असे यंत्र संगीतही रचू शकेल, असेही त्यांनी तिथेच लिहून ठेवले.

आज हे अक्षरशः घडते आहे. चित्र दिले की त्याचा आवाज काढणारी सॉफ्टवेअर साध्या मोबाइलवर चालतात. संगीतकारांच्या भाषेत त्यांना सिंथेसायझर म्हणतात, म्हणजे कृत्रिम स्वर घडवणारे यंत्र; फरक इतकाच की इथे पेटीच्या पट्ट्यांऐवजी चित्र असते. हा नुसता हौशी खेळ असता तर आरोग्याच्या या स्तंभात त्याचे काम नव्हते. पण याच युक्तीवर एका डच अभियंत्याने अंधांसाठी साधन उभे केले आणि त्यातून मेंदूबद्दल जे कळले, ते डोळ्यांच्या प्रत्येक डॉक्टरने आणि कामगारांच्या कानांची जबाबदारी असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात घ्यावे असे आहे. डोळ्यांच्या गोष्टीत कान कुठून आले, हे पुढे येईलच.

आधी नियम समजून घेऊ; तो फार सोपा आहे. चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचे. त्यात जे वर असेल त्याचा स्वर उंच, जे खाली असेल त्याचा स्वर खर्जातला. जे उजळ असेल ते मोठ्याने, जे मंद असेल ते हळू, आणि काळे असेल तिथे शांतता. बस्स. आता भुईकोट किल्ल्याची तटबंदी डोळ्यांसमोर आणा. काळ्या पाटीवर खडूने तिची वरची कड काढली, तर आडवी सरळ रेघ म्हणजे न हलणारा एकच स्वर. मध्ये बुरूज आला की स्वर एकदम वर चढेल, बुरूज संपला की पुन्हा मूळ जागी येईल. टेकडीचा चढ असेल तर गवयाने मींड घ्यावी तसा स्वर घसरत वर जाईल. आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेतला नंदीध्वज? उभा, उंच, सरळ. वरपासून खालपर्यंतचे सगळे स्वर एकाच क्षणी वाजतील आणि संपतील. कानाला फक्त एक ‘खट्’ ऐकू येईल. सात नंदीध्वज ओळीने उभे असतील तर सात वेळा ‘खट्’. त्यांच्यातले अंतर सारखे आहे की कमीजास्त, हेही कानाला लगेच समजेल, कारण ताल चुकलेला आपल्याला डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतो.

ही कल्पना जुनी आहे. येवगेनी मुर्झिन या रशियन अभियंत्याने १९५० च्या दशकात मॉस्कोत एक यंत्र पूर्ण केले. काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडे काढून चित्र रेखाटायचे, त्यातून प्रकाश जाऊ द्यायचा आणि त्यातून ७२० शुद्ध स्वरांपैकी हवे ते वाजवायचे. अलेक्झांडर निकोलायेविच स्क्रियाबिन या संगीतकाराच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘एएनएस’. तारकोव्हस्कीच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ चित्रपटातला तो अनोळखी, धुक्यासारखा आवाज याच यंत्राचा. अलेक्झांडर झोलोतोव या प्रोग्रामरने त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती केली आणि खोलीभर यंत्राचे काम खिशात मावू लागले. खरे तर आपणही इतकी वर्षे टॉकीजमध्ये बसून चित्रच ऐकत होतो. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी छापलेली असे. तिच्यातून जाणारा प्रकाश कमीजास्त झाला की पडद्यामागचा कर्णा बोलू लागे. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलला तो या प्रकाशाच्याच आधारे.

अंधांसाठी या तत्त्वाचा पहिला उपयोगही शंभर वर्षांपूर्वीचा. फूर्निये दाल्ब या भौतिकशास्त्रज्ञाने बर्मिंगहॅममध्ये १९१० च्या दशकात ‘ऑप्टोफोन’ बनवला. छापील अक्षरावरून प्रकाश फिरवायचा आणि अक्षराच्या आकाराप्रमाणे स्वरांचा झुबका ऐकायचा, अशी ती योजना. मेरी जेम्सन ही अंध तरुणी ते शिकली. सुरुवातीला एकेक शब्द वाचायला तिला मिनिट मिनिट लागे; पुढे सरावाने ती मिनिटाला साठेक शब्दांपर्यंत पोहोचली. तरीही यंत्र फारसे चालले नाही. ते महाग होते, शिकायला कठीण होते, आणि मेरीइतका चिवटपणा सगळ्यांकडे नसतो. हे वाक्य लक्षात ठेवावे लागेल, कारण आजच्या सॉफ्टवेअरची गोष्टही तिथेच येऊन अडते.

नेदरलँड्सचे पीटर मायर हे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत असताना त्यांनी १९९२ मध्ये आपल्या यंत्रणेवरचा निबंध प्रसिद्ध केला. नाव ‘द व्हॉइस’. इंग्रजीत लिहिताना मधली ओ-आय-सी ही तीन अक्षरे ते मोठी लिहितात. मोठ्याने वाचली की ‘अरेच्चा, दिसले!’ असा अर्थ निघतो. कॅमेऱ्यासमोरचे दृश्य ६४ ओळी आणि ६४ उभ्या रांगांत विभागायचे आणि साधारण सेकंदाभरात डावीकडून उजवीकडे वाजवायचे. पुढच्या सेकंदाला पुढचे दृश्य. खालच्या ओळीचा स्वर ५०० हर्ट्‌झचा, वरच्या ओळीचा ५,००० हर्ट्‌झचा, बाकीच्या मधे. पुढे हे सॉफ्टवेअर मायर यांनी मोफत उपलब्ध करून दिले.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे रेडिओची सुई दोन केंद्रांमध्ये अडकल्यासारखे वाटते. खरखर, शीळ, खट्, पुन्हा खरखर. पण काही अंधांनी चिकाटीने सराव केला आणि मग जे झाले ते मेंदूशास्त्राच्या दृष्टीने मोठेच होते. जेरुसलेमचे अमीर अमेदी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की, सराव केलेल्या माणसाला या आवाजातून वस्तूचा आकार कळतो तेव्हा मेंदूचा जो भाग एरवी डोळ्यांनी किंवा हाताने आकार ओळखतो तोच जागा होतो. ज्यांनी आवाज नुसते पाठ केले होते, म्हणजे ‘ही शीळ आली की खुर्ची’ असे घोकले होते, त्यांच्यात तो भाग जागा झाला नाही. फरक बारीक आहे, पण सगळे मर्म त्यात आहे. मेंदूला आकार हवा असतो. तो डोळ्यांच्या दाराने आला की कानांच्या, याचे त्याला सोयरसुतक नसते. त्याच गटाने २०१२ मध्ये जन्मांधांना या आवाजांतून अक्षरे वाचायला शिकवली, आणि डोळस माणसात अक्षरे ओळखणारा मेंदूचा ठिपका त्यांच्यातही कामाला लागलेला आढळला.

याला पाठबळ देणारे पुरावे आधीपासून होते. बोटांनी ब्रेल वाचताना जन्मांधांच्या मेंदूचे दृष्टिकेंद्र सक्रिय होते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. २००० मध्ये एका जन्मांध महिलेची हकीकत प्रसिद्ध झाली. आयुष्यभर ती ब्रेल वाचत आली होती. मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टिकेंद्रात, दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा तुटून तिला पक्षाघात झाला आणि तिचे ब्रेल गेले. बोटांची संवेदना शाबूत होती, ठिपके जाणवत होते, पण वाचता येईना. जिने जन्मात उजेड पाहिला नव्हता तिचे वाचन ‘डोळ्यांच्या’ मेंदूत चालले होते.

म्हणजे आता अंधांना कानांनी दिसणार, असे कोणी सांगू लागले तर त्याला तिथेच थांबवावे. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात. कानाच्या नसेत तीस हजारांच्या आसपास. नदीचे पाणी नळीतून नेण्यातला हा प्रकार आहे. त्यात कान रिकामाही नसतो. अंध माणसाचा कान पावले मोजतो, भिंतीवरून परतणारा काठीचा आवाज ओळखतो, रिक्षा किती जवळ आली ते सांगतो. त्यावर सतत शिट्यांचा मारा केला तर एक आधार देऊन दुसरा काढून घेतल्यासारखे होईल. प्रयोगशाळेत शांत खोलीत, स्थिर चित्र, हवा तेवढा वेळ देऊन मिळालेले यश बाजारपेठेच्या रस्त्यावर जसेच्या तसे मिळत नाही. शिकायलाही वेळ लागतो. अक्षरे वाचण्यापर्यंत पोहोचलेल्यांनी दहाबारा नव्हे, कित्येक डझन तास शिकवणी घेतली होती, तीही समोर शिकवणारा बसवून.

शिकणे किती आवश्यक असते याचा दाखला आपल्याच देशातला आहे. मॅसॅच्युसेट्‌स तंत्रज्ञान संस्थेचे पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या नावाने उत्तर भारतातल्या जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया घडवून आणल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेली पाच मुले होती. हाताने चाचपडून ओळखलेली वस्तू डोळ्यांनी ओळखा, म्हटल्यावर पट्टी निघाल्यानंतर लगेच त्यांना ते जमले नाही. काही दिवसांनी जमू लागले. खरेखुरे डोळे मिळूनही बघायला शिकावे लागते, तर उसन्या कानांनी बघायला किती शिकावे लागेल?

आणि मोतीबिंदूचे नाव निघाले आहे तर हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरच्या अंध व्यक्तींपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे अंध असल्याचे आढळले. या माणसांना सॉफ्टवेअर नको. त्यांना तारीख, टेबल आणि सर्जन हवा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू असताना ही स्थिती असेल, तर कुठल्याही नव्या उपकरणाच्या उद्‌घाटनाला टाळ्या वाजवण्याआधी शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी पाहावी. चित्र ऐकण्याचा विषय उरतो तो काचबिंदूने नस गेलेल्यांसाठी, पडदा निकामी झालेल्यांसाठी, ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले आहेत त्यांच्यासाठी.

सोलापूरचा खास प्रश्न इथून सुरू होतो. धोट्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामगार-आरोग्याचे संशोधन करणाऱ्या अमेरिकी राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करावे, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल, म्हणजे मुळातच सैल. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याने नोंद सक्तीची केलेल्या रोगांच्या यादीत होता. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमधले चार माग त्या कायद्याच्या नजरेत कधी आलेच नाहीत.

हा बहिरेपणा एकदम येत नाही. कानाच्या शंखात बारीक केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने आधी मरतात त्या ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर टिपणाऱ्या, म्हणजे साधारण तीन ते सहा हजारांच्या पट्ट्यातल्या. गप्पा ऐकू येतात, घंटा ऐकू येते, म्हणून माणसाला वाटते आपले कान ठीक आहेत. फक्त ‘स’ आणि ‘श’ निसटू लागतात, सून काय म्हणाली ते पुन्हा विचारावे लागते, टीव्हीचा आवाज वाढतो. वयाबरोबर कमी होणारी ऐकण्याची ताकदही वरच्या स्वरांपासूनच ओसरते. मागावर तीस वर्षे काढलेल्या माणसाचे म्हातारपण असे दोन्हीकडून येते.

आता मायर यांच्या यंत्रणेचा हिशेब आठवा. वरच्या ओळी उंच स्वरांच्या. गणित केले तर ३,००० हर्ट्‌झच्या वरचे स्वर म्हणजे चित्राचा वरचा साधारण पाचवा हिस्सा. मागाने कान खाल्लेल्या माणसाला काचबिंदूने अंधत्व आले आणि त्याला हे साधन दिले, तर त्याच्या चित्रातली वरची पट्टी कोरीच राहील. दाराची चौकट वरून किती खाली आहे, झाडाची फांदी डोक्याला लागेल का, समोरच्या माणसाचा चेहरा कुठे आहे, हे सगळे त्या पट्टीत असते. काठीला खालचा खड्डा लागतो. वरची फांदी लागत नाही. म्हणजे अंधाला ज्या भागासाठी दुसऱ्या साधनाची गरज आहे, नेमका तोच भाग गोंगाट आधी पुसून टाकतो. स्वरांची पट्टी खाली आणली तर भागेल, असे वाटेल. पण तेवढ्याच ओळी कमी जागेत कोंबल्या की शेजारच्या दोन ओळींतला फरक कानाला लागणे अधिक अवघड.

फोनमधला सहायक समोरचे दृश्य शब्दांत सांगू लागला असताना या शिट्या कशाला, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि पुष्कळ कामांना शब्दच बरे. औषधाच्या बाटलीवरचे नाव ऐकायला कोणी स्वर शिकणार नाही. पण ‘समोर झाड आहे’ हे दुसऱ्याने ठरवून सांगितलेले वाक्य असते. झाड केवढे, कुठे झुकलेले, त्याच्या मागे काय, हे स्वतः धुंडाळण्याची सोय त्यात नसते. आणि शब्द ऐकायलाही तेच ‘स’ आणि ‘श’ लागतात. वरची पट्टी गेलेल्या कानाला सहायकाचे बोलणेही अर्धवटच पोहोचते.

म्हणून मागणी सॉफ्टवेअरची नाही, ते फुकट आहे. मागणी कानांची आहे. डोळ्यांच्या तपासणी शिबिरात ज्याला बरा न होणारा काचबिंदू निघेल, त्याच्या कानांची स्वरनिहाय तपासणी त्याच दिवशी व्हावी. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्र विभाग आणि कान-नाक-घसा विभाग यांच्यात एका कागदाचीच देवाणघेवाण त्यासाठी लागेल. यंत्रमाग कामगाराची पहिली श्रवणचाचणी तो कामाला लागतानाच झाली पाहिजे, नंतर दरवर्षी. निवृत्तीनंतर केलेली चाचणी म्हणजे पंचनामा. कानात घालायचे फोमचे बोळे चहाच्या कपाएवढ्या किमतीत मिळतात. मालक ते देत नाहीत आणि दिले तर कामगार घालत नाहीत, कारण धागा तुटल्याचे त्याला आवाजावरून कळते. ही अडचण खरी आहे. नीट बसवलेले बोळे मागाचा आणि बोलण्याचा आवाज दोन्ही सारखेच खाली आणतात, बदललेला ठोका त्यातूनही ओळखता येतो, हे त्याला प्रत्यक्ष शेडमध्ये उभे राहून पटवावे लागेल. भिंतीवर फलक लावून ते होणार नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही इथे प्रकल्प आहे. या सॉफ्टवेअरची मराठीतली, आणि पूर्व भागासाठी तेलुगूतली, पायरीपायरीची शिकवणी कोणी केली तर तिचा उपयोग देशभर होईल. आडवी रेघ, उभी रेघ, तिरकी रेघ, मग चौकोन, मग ‘ग’ आणि ‘म’. शिकवणाऱ्यांमध्ये एक तरी अंध शिक्षक असावा.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांनी टेबलावर काळे कापड अंथरावे आणि त्यावर एक पांढरी ताटली ठेवावी. आवाज बारीक ठेवावा, दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत. ताटली उजवीकडे सरकवली की स्वर उशिरा येतो, वर सरकवली की उंच होतो, एवढे आठवडाभरात कळले तरी पुष्कळ झाले. मग ताटलीशेजारी उभा चमचा ठेवावा. हेडफोन कानात खुपसायचे नसावेत. कानाबाहेर हाडावर बसणारे मिळतात, ते घ्यावेत. आणि ते लावून सात रस्त्याच्या चौकात उतरू नये. तिथे कान बससाठी मोकळे हवेत.